पिल्लाची कात अडकली? सापाआधी पेटीला हात लावा

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. मिनेसोटात बाहेर उणे चौदा, घरात हीटर अखंड चालू. मुलगा शाळेला निघता निघता सापाच्या पेटीपाशी गेला आणि तिथूनच ओरडला, "आई, मक्याचे डोळे पांढरे झालेत!"

मक्या म्हणजे आमचा कॉर्न स्नेक. तेव्हा चार महिन्यांचा होता, पेन्सिलीएवढा जाड. कॉर्न म्हणजे मका, म्हणून मुलानेच हे नाव ठेवलं. मी जाऊन पाहिलं तर खरंच, एरवी तांबूस चमकणाऱ्या डोळ्यांवर निळसर पांढरं पटल आलं होतं आणि अंगावरची केशरी नक्षी राख उडाल्यासारखी फिकी पडली होती.

रात्री साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. नातवाने तिला साप दाखवला.

"अगं, मोतीबिंदू झाला का त्याला?" तिचं स्वतःचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"नाही गं आई, कात टाकायची तयारी चाललीय त्याची."

"मग चांगलंच की. एवढी काळजी कसली करतेस? आपल्या गोठ्यामागे धामण कात टाकायची, तिला कोण बघायला जात होतं?"

आईचं म्हणणं बरोबर होतं, आणि तरीही आठवड्याभराने मक्याची कात चिंध्या होऊन निघाली. शेपटीला एक कडं आणि उजव्या डोळ्यावर एक चकती तशीच चिकटून राहिली. रानातल्या धामणीचं जे आपसूक होतं ते आपल्या पेटीतल्या पिल्लाचं का अडतं, हे समजून घ्यायला मला तो सबंध हिवाळा लागला. आता दर जानेवारीत ओळखीपाळखीतून मला दोन-तीन फोटो येतात. कोणाच्या मुलाने हट्टाने साप आणलेला असतो, त्याच्या अंगावर पापुद्रे लोंबत असतात आणि खाली एकच प्रश्न असतो: ओढून काढू का? त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. उत्तर आधीच देऊन ठेवते: ओढू नका. का नाही, ते पुढे.

कात म्हणजे नेमकं काय

आपलीही कातडी झडते. अंघोळीत घासलं की जो मळ निघतो, त्यात मेलेल्या कातडीचा भाग बराच असतो. फरक एवढाच की आपली कातडी रोज कणाकणाने जाते आणि सापाची एकदम, अख्खी.

सापाच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर केराटिनचा असतो. आपली नखं आणि केसही याच जातीच्या पदार्थाचे. हा थर मेलेला असतो, तो वाढत नाही. आतलं पिल्लू मात्र वाढत असतं. जूनमध्ये घेतलेला शाळेचा गणवेश दिवाळीपर्यंत आखूड व्हावा, तशी ही गोष्ट आहे. म्हणून पिल्लं वारंवार कात टाकतात. कॉर्न स्नेकचं पिल्लू साधारण चार ते सहा आठवड्यांनी टाकतं, मोठा साप दोन-तीन महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा. वाढ थंडावली तरी कात टाकणं थांबत नाही, कारण खरवडलेलं, झिजलेलं आवरणही बदलावं लागतंच.

जुना थर निघण्याआधी त्याच्याखाली नवा थर संपूर्ण तयार होतो. खवल्याखाली खवला, नक्षीखाली नक्षी. काही दिवस साप अक्षरशः दोन कातड्यांत असतो. मग त्या दोन थरांच्या मध्ये शरीर पातळ द्रव सोडतं आणि दोघांना जोडणारा भाग विरघळवतं. डोळे निळे दिसतात ते याच वेळी. सापाला आपल्यासारख्या पापण्या नसतात, डोळ्यावर काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर बदलतो. त्या खवल्याच्या जुन्या आणि नव्या थरांमध्ये द्रव आला की आपल्याला पांढुरकं दिसतं. चष्म्यावर वाफ धरल्यासारखं.

हे पटल तीन-चार दिवस राहतं आणि मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवखा माणूस इथे हमखास फसतो. डोळे निवळले म्हणजे कात टाकून झाली असं त्याला वाटतं आणि तो पेटीत शोधाशोध करतो. खरी कात त्यानंतर दोन-चार दिवसांनी निघते. साप नाक दगडावर, लाकडावर घासतो, ओठांपाशी कात सुटते आणि मग तो तिच्यातून पुढे सरकत बाहेर येतो. उशीचा अभ्रा ओढला की उलटा होऊन निघतो ना, तशी. सगळं मिळून आठवडा ते दोन आठवडे.

या सगळ्यात लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे दोन थरांमधला तो ओलावा. लहानपणी आई रात्री बदाम भिजत घालायची. सकाळी चिमटीत धरला की साल सुळकन निघायचं. तोच बदाम कोरडा घ्या आणि नखाने सोला. साल तुकड्यातुकड्याने निघतं आणि बदामावर ओरखडे उठतात. अडकलेली कात म्हणजे न भिजलेला बदाम. पशुवैद्यकात याला डिसेक्डायसिस असा शब्द आहे. हा शब्द व्हेटच्या कागदावर दिसला तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की कात नीट निघाली नाही. तापासारखंच हे लक्षण आहे, आजार नव्हे. ताप का आला ते आपण शोधतो, तसं इथेही कारण शोधायचं, आणि ते बहुतेक वेळा सापात नसून पेटीत सापडतं.

हिवाळ्यात घरातली हवा कुठे जाते

"आमच्या गावात बर्फ पडतोय, ओलावाच ओलावा आहे, मग हवा कोरडी कशी?" हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि तो रास्त आहे.

हवामानाच्या बातम्यांत जी आर्द्रता सांगतात ती सापेक्ष असते. म्हणजे या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावेल, त्याच्या किती टक्के आहे एवढंच ती सांगते. थंड हवा म्हणजे वाटी आणि गरम हवा म्हणजे पातेलं असं समजा. वाटी काठोकाठ भरलेली असली तरी तेच पाणी पातेल्यात ओतलं तर तळ जेमतेम झाकतो. उणे १० अंशांना एक घनमीटर हवेत साधारण सव्वादोन-अडीच ग्रॅम वाफ मावते, २१ अंशांना सुमारे १८ ग्रॅम. बाहेरची अगदी ओलीचिंब हवा घरात येऊन तापली, की तिची आर्द्रता शंभर टक्क्यांवरून १२-१३ टक्क्यांवर येते. आपला स्वयंपाक, अंघोळी, श्वास यांनी ती थोडी वर चढते, पण ओठ फुटायला आणि स्वेटर काढताना चटका बसायला तेवढा कोरडेपणा पुरतो.

आता त्या खोलीत काचेची पेटी ठेवा, वर जाळीचं झाकण आणि त्यावर उष्णतेचा दिवा. दिव्याखालची हवा आणखी तापते, वर चढते आणि जाळीतून निघून जाते. पेटी नव्हे, ती भट्टीच.

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅरोलायना इथली पाइनची रानं, शेतं, पडकी गोदामं. तिथला उन्हाळा आपल्या कोकणाची आठवण करून देणारा, दमट. या सापाला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते आणि कात येताना थोडी अधिक, ६५-७० पर्यंत. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर असेल तर त्याला कायमच जास्त लागते. तुमच्याकडे जो साप आहे त्याचं मूळ गाव कुठलं, हे आधी शोधा.

पिल्लाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. गच्चीवर वाळवण घातलेलं आठवा. कुरडई दुपारपर्यंत कडक होते आणि सांडगा दोन-दोन दिवस आतून ओला राहतो. जीव जितका बारीक, तितकं त्याच्या आकारमानाच्या मानाने बाहेरचं अंग जास्त आणि पाणी उडून जायला वाट जास्त. शिवाय अगदी पहिली कात पडेपर्यंत पिल्लाची कातडी पाणी धरून ठेवायला कच्ची असते. कॅलिफोर्निया किंगस्नेकच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की पहिली कात टाकल्यावरच ही बाब लक्षणीय सुधारते. म्हणून मोठा साप ज्या पेटीत निभावून नेतो, त्याच पेटीत पिल्लू अडतं.

काट्यावर विसंबू नका

माझी चूक इथे झाली, म्हणून जरा थांबते.

आमच्या पेटीला दुकानातून आलेला गोल, काट्याचा आर्द्रतामापक चिकटवलेला होता. काटा ५० वर. मी रोज बघायची आणि निश्चिंत व्हायची. कात फाटल्यावर मैत्रिणीने तिचा डिजिटल मापक आणून आत ठेवला. तासाभराने त्यावर २४ आकडा होता. आमचा काटा सहा आठवडे ५० वरच अडकलेला होता. मी पाहत होते तो काटा, आणि पिल्लू राहत होतं त्या हवेत.

तुमचा मापक खरा आहे का, ते घरच्या मिठाने तपासता येतं. बाटलीचं एक टोपण घ्या, त्यात मीठ भरा आणि ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला. मीठ विरघळून जाता कामा नये. ते टोपण आणि मापक एका झिपच्या पिशवीत, एकमेकांना न चिकटता, बंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठाच्या वरची बंद हवा ७५ टक्क्यांना स्थिर होते, हा निसर्गाचा पक्का आकडा आहे. सकाळी मापक ७० दाखवत असेल तर तो पाच टक्के कमी सांगतो, तेवढी भर घालून वाचा. काटा ५० वरच असेल तर सरळ कचऱ्यात टाका.

तापमानासाठीही डिजिटल मापक लागतो, आणि उष्णतेच्या दिव्याला किंवा पट्टीला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला ती आपोआप आवरणारं उपकरण, हवाच. कॉर्न स्नेकला एका टोकाला २८ ते ३१ अंश, दुसऱ्या टोकाला २२ ते २६ अंश ठीक असतं. साप स्वतःचं शरीर तापवू शकत नाही. तो ऊन-सावली निवडतो आणि त्यावर त्याचं पचन, वाढ, कात सगळं चालतं. पेटी गार पडली तरी कात रखडते.

"जंगलात त्याला कोण पाणी शिंपडतं?"

माझ्या आईचाच हा प्रश्न. याचं उत्तर धामणीने स्वतःच दिलंय: ती गोठ्यामागच्या मोकळ्या अंगणात कधी कात टाकत नव्हती. ती दगडांच्या बांधात, उंदराच्या बिळात, गंजीखाली जायची. वैशाखात माथ्यावर ४० अंश असले तरी हातभर खोल बिळात माती गार आणि दमट असते. रानातल्या सापाला सगळं रान दमट लागत नाही. त्याला एक दमट जागा माहीत असावी लागते, आणि तिथे जायची मोकळीक हवी. पेटीत आपण त्याची मोकळीक काढून घेतली, तेव्हा ती जागा आपणच द्यायची.

हे करायला पैसे लागत नाहीत. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या. झाकणाला किंवा बाजूला पिल्लू आरामात शिरेल एवढं भोक पाडा आणि कडा काचकागदाने घासून गुळगुळीत करा, नाहीतर तीच कड अंग कापेल. आत ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम मॉस म्हणजे वाळवलेलं शेवाळ भरा, ते नसेल तर पेपर टॉवेल. ओलावा किती हवा? मुठीत दाबलं तर पाणी ठिबकायला नको, पण हाताला गारवा जाणवायला हवा. डबा पेटीच्या मधल्या भागात, थोडा उबेच्या बाजूला ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी बघा, आतलं वास मारायच्या आत बदला.

आम्ही असा डबा ठेवला त्या रात्री मक्या त्यात शिरला आणि दोन दिवस बाहेर आला नाही. भोकातून नाकाचं टोक तेवढं दिसायचं. मुलगा टॉर्च घेऊन बघायला गेला की तेही आत जायचं.

याच्या जोडीला जाळीचं झाकण अर्धंअधिक झाकून घ्या, पण दिव्याखालचा भाग मोकळा सोडा, तिथे कापड-प्लास्टिक ठेवणं धोक्याचं आहे. पाण्याचं भांडं मोठं घ्या, त्याला बुडून बसता येईल असं. आणि अंग घासायला खडबडीत काहीतरी हवं: एक चपटा दगड, झाडाच्या सालीचा तुकडा. नुसत्या काचेवर आणि प्लास्टिकवर नाक घासून कात सुटत नाही.

मग सरळ सगळी पेटीच भिजवून ठेवली तर? तीही चूक मी करून बसले होते. काटा खोटा निघाल्यावर मी घाबरून दिवसातून चारदा फवारा मारायला लागले. तळ चिखल झाला. सतत ओल्या तळावर साप राहिला की पोटाचे खवले लाल होतात, फोड येतात, पुढे जखमा होतात, आणि ओली-गार हवा फुफ्फुसांना बाधते. हवा दमट हवी, जमीन कोरडी हवी. पावसाळ्यात घर दमट असतं म्हणून आपण काही ओल्या गादीवर झोपत नाही.

कात अडकलीच, तर

आधी काय अडकलंय ते बघायचं, आणि त्यासाठी सापाला पकडायची गरज नसते. पडलेली कात बघा. ओली असतानाच अलगद उलगडा, पांढऱ्या कागदावर पसरा आणि दिव्यासमोर धरा. डोक्याच्या भागात दोन बारीक, गोल, पारदर्शक भिंगं दिसतात, कॉन्टॅक्ट लेन्ससारखी. त्या दोन्ही असतील तर डोळे मोकळे झाले. शेपटीकडे कातीचं टोक सुईसारखं निमुळतं संपायला हवं. तिथे भोक असेल, तर टोकाची टोपी सापावरच राहिलीय. कात सापापेक्षा बरीच लांब भरते, ते बघून गोंधळू नका. खवल्यांच्या मधली घडीची कातडी निघताना ताणली जाते, म्हणून.

अंगावर पापुद्रे असतील तर कोमट पाण्याचा शेक. पाणी आपल्या मनगटाला ना गरम ना गार लागेल असं, २७ ते ३० अंश. हवेसाठी भोकं असलेल्या डब्यात, खोली एवढीच की पिल्लाने डोकं न उचलताही नाक वर राहील. पंधरा-वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ तुम्ही तिथेच बसायचं, फोन आला तरी उठायचं नाही. मग ओला, पिळलेला पंचा हातात सैल धरा आणि पिल्लाला त्याच्या घड्यांतून स्वतः सरपटू द्या. कात त्याच्या चालीने निघू द्यायची, आपण धरून ठेवायचं नाही की ओढायचं नाही. भिजलेला बदाम आठवा. सुटायचं असेल ते सुळकन सुटेल. राहिलं तर उद्या पुन्हा. मधल्या वेळात तो श्रीखंडाचा डबाच निम्मं काम करतो.

शेपटीवरचं कडं दुर्लक्षू नका. वाळलेली कात आवळत जाते, बोटात घट्ट बसलेल्या अंगठीसारखी, आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. शेपटीचं टोक काळं पडून गळतं. कान साफ करायची कापसाची काडी कोमट पाण्यात बुडवून त्या कड्यावर हलक्या हाताने शेपटीच्या टोकाकडे फिरवत राहा. मक्याचं कडं तिसऱ्या दिवशी असं सुटलं. नखाच्या चंद्रकोरीएवढी, राखाडी रंगाची चिमुकली टोपी होती ती.

डोळ्यावरची चकती मात्र सोडून द्या. चिमटा नको, सेलोटेप नको, नख नको. ती चकती आणि नवा खवला यांत केसाएवढंही अंतर नसतं. ओढताना नवा खवला फाटला तर आतला डोळा उघडा पडतो आणि तो डोळा जाऊ शकतो. आमच्या व्हेटने भिंगाने पाहिलं आणि एवढंच सांगितलं: आर्द्रता सुधारा, पुढच्या कातीबरोबर जाईल. पाच आठवड्यांनी पुढची कात पडली. मी ती दिव्यापुढे धरली. उजव्या डोळ्याच्या जागी एकावर एक अशी दोन भिंगं होती.

घरातले सल्ले

"खोबरेल लाव की थोडं." हा सल्ला मला तीन वेगवेगळ्या मावश्यांनी दिला. आपण पायांच्या भेगांना लावतो, म्हणून सुचतं, आणि मायेनेच सुचतं. पण तेल कातडीत पाणी घालत नाही. सापाच्या अंगावर ते राहतं, त्याला भुसा आणि धूळ चिकटते आणि पुढची कात आणखी बिघडते. पाणी पुरे आहे. बाजारात कात सुटण्याचे फवारे मिळतात, तेही लागत नाहीत.

दूधही नको. दुधाचं आणि सापाचं काही नातं नाही. नागपंचमीच्या दिवशी गारुड्याकडचा तहानलेला नाग तोंडाशी येईल ते पितो, आवड म्हणून नाही.

डोळे निळे असताना सापाला हातात घ्यायचं का? नाही. त्याला त्या दिवसांत नीट दिसत नाही. समोरून काहीतरी मोठं येतंय एवढंच कळतं आणि एरवी शांत असलेलं पिल्लूही फटकारतं. "कात टाकताना साप आंधळा होतो" असं गावाकडे म्हणतात त्यात तेवढं तथ्य आहे. मुलांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर ती सापावर रुसतात. माझा मुलगा रुसला होता.

खाणं? बरीच पिल्लं या आठवड्यात खात नाहीत. पाच-सात दिवसांनी एक पिंकी, म्हणजे केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू, हा या वयाचा आहार. तो एखाद्या वेळी चुकला तरी बिघडत नाही. कात पडल्यावर दुप्पट भुकेने घेतो. न खाल्लेलं पेटीत ठेवू नका.

व्हेटकडे कधी

शेपटीचं टोक काळं किंवा कडक होऊ लागलं तर थांबू नका. डोळा सुजला, तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागला, नाकातोंडाशी बुडबुडे दिसले, पोटावर फोड आले, तर त्याच दिवशी फोन करा. आर्द्रता दुरुस्त करूनही सलग दोन काती अडकल्या तर कारण दुसरं आहे. पैकी एक कारण घरी दिसू शकतं: साप तासन्‌तास पाण्यात बसून राहतो आणि भांड्याच्या तळाला खसखशीसारखे काळे कण दिसतात. त्या गोचिडांच्या जातीतल्या बारीक किडी. त्या रक्त पितात, कात बिघडवतात, आणि कुत्र्या-मांजराचं औषध त्यांच्यावर आपल्या मनाने वापरलं तर साप मरू शकतो.

सगळे व्हेट साप बघत नाहीत. अमेरिकेत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्यांची एआरएव्ही ही संघटना आहे, तिच्याकडून जवळचं नाव मिळतं. हे नाव साप आणायच्या आधी शोधून ठेवायचं असतं, रात्री दहाला नाही.

आणि आपल्या तब्येतीचं: साप निरोगी दिसला तरी त्याच्या विष्ठेतून, अंगावरून साल्मोनेला हे जंतू येऊ शकतात. कात हाताळली तरी साबणाने हात धुवा. शेकाचा डबा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. घरात पाच वर्षांखालचं मूल, पासष्टीपुढचं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल, तर अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था असा प्राणी पाळूच नका असं सांगते. आई इथे राहायला आली तेव्हा मक्याची पेटी मुलाच्या खोलीत गेली आणि आईने तो काचेपलीकडूनच पाहिला.

भारतात वाचणाऱ्यांसाठी

हे सगळं वाचून कोणाला अंगणातलं पिल्लू पकडून पेटीत ठेवावंसं वाटेल, म्हणून स्पष्ट लिहिते. नाग, घोणस, धामण, अजगर हे आपले साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बिनविषारी असला तरी, जखमी दिसला म्हणून दया आली तरी. ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत अशा प्राण्यांच्या यादीतले बॉल पायथनसारखे परदेशी साप कोणाकडे असतील, तर २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बाकी देशांतही आधी कायदा बघा. न्यूझीलंडमध्ये आणि अमेरिकेतल्याच हवाईत साप पाळायला बंदी आहे. ऑस्ट्रेलियात कॉर्न स्नेक ठेवता येत नाही, तिथले देशी साप परवान्याने ठेवता येतात.

घरामागे कात सापडली तर? साप तिथून गेलाय एवढाच त्याचा अर्थ. ती किती जुनी हे ओलसरपणावरून थोडंफार कळतं. मऊ, दमट असेल तर ताजी, कुरकुरीत असेल तर जुनी. खवल्यांची नक्षी तिच्यात उमटलेली असते, जाणकार सर्पमित्र त्यावरून बहुतेकदा साप ओळखतो. साप समोरच असेल तर महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. ती कात जाळून घरात धूर करणं, तिजोरीत ठेवणं, याने काही होत नाही. आमच्या आजीच्या पेटीत एक होती, वहीच्या पानात घडी घालून. ती नागाची आहे असं आजी सांगायची. परवा आईने तिचा फोटो पाठवला, आणि डोक्यामागच्या खवल्यांचा आकार बघून मुलगा म्हणाला, "आजी, ही धामणच असणार."

आता त्याच्याकडेही एक वही आहे. तारीख, डोळे निळे झाल्याचा दिवस, निवळल्याचा दिवस, कात पडल्याचा दिवस, अख्खी की फाटकी, भिंगं किती. डिसेंबरच्या ओळीपुढे त्याने लिहिलंय: फाटकी, भिंग एक. जानेवारीपुढे: अख्खी, भिंगं तीन.